परक्या नगरांतील बिऱ्हाड : डॉ. आनंदीबाई जोशी

शहापूर व मुरबाड ह्या आपल्या दोन तालुक्यांतील मनुष्य मोठ्या शहराकडे निघाला म्हणजे त्याची वाट बहुधा कल्याणावरूनच जाते. मुरबाडकडील मंडळी सडकेनें कल्याणास येतात, आणि शहापुराकडील मंडळी आसनगांव किंवा आटगांव येथें गाडींत बसून कल्याणावरून पुढें मुंबईस जातात. काळू व भातसा ह्या आपल्या नद्यांचें पाणीहि शेवटीं उल्हास नदीस मिळून त्याच बाजूस वाहतें. त्या कल्याण गांवच्या एका मुलीनें १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, समुद्रापलीकडील एका मोठ्या शहरांत बिऱ्हाड केलें, आणि तीन वर्षें तेथें राहून वैद्यकाची पदवी मिळविली. त्या डॉ. आनंदीबाई जोशी होत. पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली मराठी स्त्री म्हणून त्यांचें नांव शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. परंतु प्रिय वाचकहो, आज आम्ही पदवीची गोष्ट थोडी व बिऱ्हाडाची अधिक सांगणार आहों. पदवीची हकीकत एका ओळींत संपते. पण ज्या खोलींत राहून ती मिळविली त्या खोलींतील धूर, तेथील थंडी, पानांतील अन्न व अंगावरचें लुगडें ह्यांची हकीकत आपल्या मुलामुलींच्या कामीं येण्यासारखी आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेरचें नांव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराणें एके काळीं संपन्न, पण पुढें त्यास उतरती कळा लागली होती. १८७४ सालीं, नऊ वर्षांच्या वयांत, मुलीचें लग्न टपाल खात्यांतील गोपाळराव जोशी ह्यांच्याशीं झालें. नवरा बिजवर व वयानें सुमारें वीस वर्षांनीं मोठा. बायकोस शिकवीन ही त्यांची अट होती, आणि ती त्यांनीं पाळली. परंतु पाळण्याची रीत फार कठोर होती. धडा चुकला किंवा पुस्तक सोडून मन दुसरीकडे गेलें कीं मार बसे. पुढें अमेरिकेंतून पतीस लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनीं ह्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत दिली आहे, आणि त्याच पत्रव्यवहारांत आपल्या विद्येचें ऋणहि कबूल केलें आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून एक सांगून दुसरी झांकणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मुलगा झाला व दहा दिवसांतच तो वारला. त्या काळीं घरंदाज बायका पुरुष डॉक्टरास नाडी दाखवीत नसत, आणि स्त्री डॉक्टर तर कोठें मिळतच नसे. रिकाम्या पाळण्याशेजारीं बसलेल्या त्या लहानग्या आईच्या मनांत आपण वैद्यक शिकावें हें बीज तेव्हांच पडलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात.

गोपाळरावांची बदली कोल्हापुरास झाली असतां मिशनरी लोकांशीं त्यांची ओळख झाली. १८७८ सालीं त्यांनीं रेव्हरंड रॉयल वाइल्डर ह्यांस पत्र लिहिलें. वाइल्डरसाहेबांनीं कोल्हापुरांत पुष्कळ वर्षें काम केलेलें होतें, व आतां ते अमेरिकेंत मिशनरी कार्याविषयीं एक नियतकालिक चालवीत होते. बायकोस अमेरिकेंत शिक्षण व आपणांस पोटापुरतें काम मिळेल काय, एवढीच गोपाळरावांची विचारणा. साहेबांनीं तें पत्र छापलें. सोबत उत्तरहि दिलें, पण त्यांत मदतीपेक्षां ख्रिस्ती होण्याचा उपदेश अधिक होता. मार्ग खुंटला असें वाटलें.

परंतु छापलेला कागद कोणाच्या हातीं पडेल हें छापणाऱ्यास कळत नाहीं. १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर ह्या बाई दांताच्या डॉक्टराकडे आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या असतां तेथें पडलेलें तें नियतकालिक त्यांनीं चाळलें. पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास एक मुलगी शिकूं इच्छिते व कोणी दार उघडीत नाहीं, हें वाचून त्यांना स्वस्थ बसवेना. त्यांनीं अनोळखी मुलीस पत्र लिहिलें. पत्र पोहोंचून उत्तर यावयास दोन-तीन महिने लागत. तरी हा पत्रव्यवहार तीन वर्षें अखंड चालला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या. कलकत्त्याकडे असतांना आनंदीबाईंची प्रकृति बिघडली, डोकें दुखे, ताप येई, धांप लागे. तेव्हां ह्या मावशीनें अमेरिकेहून औषधें धाडलीं. रक्ताचें नातें नाहीं, जात नाहीं, धर्म एक नाहीं, एकमेकींचें तोंडहि पाहिलेलें नाहीं. तरी बिऱ्हाडाचा पहिला दगड समुद्रापलीकडे असा आधींच मांडला गेला.

अमेरिकेस जाण्याचा बेत ठरल्यावर लोकनिंदेस सीमा राहिली नाहीं. परदेशगमन करणारी ब्राह्मण स्त्री बाटून येईल असें सनातनी म्हणत. आणि ख्रिस्ती लोकांपैकीं कित्येक म्हणत कीं, तिनें ख्रिस्ती होऊनच जावें. तेव्हां २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं सेरामपूर कॉलेजांत आनंदीबाईंनीं इंग्रजींत भाषण करून आपण कां जातों तें सर्वांस सांगितलें. हिंदुस्थानांत स्त्री डॉक्टरांची फार गरज आहे, ती विद्या घेण्यास आपण जात आहों, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊं, असा त्या भाषणाचा सारांश होता. हें वचन त्यांनीं शेवटपर्यंत पाळलें. आपली श्रद्धा निराळी असली तरी सभेंत दिलेला शब्द एकाकीपणांतहि न मोडणाऱ्या त्या मुलीस आम्ही आदरानेंच नमस्कार करतों.

७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून जहाजावर चढल्या. गोपाळराव नोकरीमुळें मागें राहिले. प्रवास सुमारें दोन महिन्यांचा. जहाजावर त्यांना चालेल असें अन्न फारच थोडें. ४ जूनला जहाज न्यूयॉर्कास लागलें, तेव्हां धक्क्यावर कार्पेंटरबाई उभ्या होत्या. जिला नुसत्या पत्रांतून ओळखलें ती मावशी समोर दिसली, आणि परक्या देशांतील पहिली रात्र धर्मशाळेंत किंवा खाणावळींत काढण्याचा प्रसंग टळला.

रोझेल येथील त्या घरांत आनंदीबाई सुमारें चार महिने राहिल्या. ह्या चार महिन्यांचें मोल चरित्रें वाचतांना सहसा ध्यानांत येत नाहीं. नवीन ठिकाणीं गेलेल्या मनुष्यास प्रथम विद्या नको असते. पाणी कोठें मिळतें, दिवा कसा लावतात, थंडींत काय पांघरतात, कोणास काय म्हणून हांक मारावी, हें शिकवणारें माणूस हवें असतें. कार्पेंटरबाईंच्या घरांत त्यांना आपल्या रीतीनें स्वयंपाक करूं दिला, आपल्या रीतीनें नेसूं दिलें, आणि धर्म बदलण्याची अट कोणी घातली नाहीं. इतकेंच नव्हे, तर आनंदीबाईंनीं आपल्या हातचें जेवण करून पाहुण्यांस वाढलें, तेव्हां ते पाहुणे आपल्याकडच्याप्रमाणें खालीं बसून हातानें जेवले. पाहुणचार करणाऱ्यानेंच पाहुण्याची रीत शिकावी, हें त्या घराचें विशेष होय.

पुढें ऑक्टोबरांत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत शिक्षण सुरू झालें. हें कॉलेज १८५० सालीं स्थापन झालें होतें. तेथील डीन रेचेल बॉडली ह्यांनीं आनंदीबाईंचा अर्ज वाचून त्यांना प्रवेश दिला, व तीन वर्षांकरितां मिळून ६०० डॉलरांची शिष्यवृत्ति मिळाली. रोझेलपासून फिलाडेल्फिया ही रेल्वेनें कांहीं तासांची वाट. पण घर निराळें आणि शहर निराळें. १८८० च्या खानेसुमारींत फिलाडेल्फियाची वस्ती साडेआठ लाखांच्या जवळ भरली होती, म्हणजे १८८१ च्या मुंबईपेक्षांहि अधिक. अशा गर्दींत मराठी शब्द कानीं पडण्याची आशा कोठून? घराबाहेर पडलें कीं लोक लुगड्याकडे वळून पाहत.

आतां त्या खोलीविषयीं. कॉलेजाच्या दिवसांत आनंदीबाईंना जी खोली मिळाली तिच्या भिंतींतील आगटीचें धुराडें नीट ओढीत नसे. आगटी पेटविली कीं खोली धुरानें भरे. धूर नको म्हणून विझविली कीं हाडें गोठविणारी थंडी आंत शिरे. आपल्या मुरबाड-शहापुराकडे पौषांत शेकोटी पेटविली म्हणजे निभावतें. तेथें हिंवाळ्यांत पाणी गोठतें व रस्त्यांवर बर्फाचे थर सांचतात. दिवसभर कॉलेजांत शिकावें, संध्याकाळीं खोलीवर येऊन धूर कीं थंडी ह्यांतून एक निवडावें, त्यांतच स्वतःचें अन्न शिजवावें, आणि मग दिव्याजवळ बसून दुसऱ्या दिवसाचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता. मांसाहार वर्ज्य असल्यामुळें तेथील खाणावळीचें अन्न उपयोगाचें नव्हतें. आणि थकलेल्या हातांनीं जें शिजे तें पोटास पुरेसें होई असें नाहीं.

लुगड्याचीहि अशीच अडचण. नऊवारी लुगडें कासोटा घालून नेसलें असतां पोटऱ्या उघड्या राहतात. कल्याणच्या हवेंत त्याचें कांहीं वाटत नाहीं, पण बर्फांत तें कसें चालावें? आनंदीबाईंनीं विचार करून मध्यम मार्ग काढला. लुगडें सोडलें नाहीं. पण पाय झांकतील अशा गुजराती पद्धतीनें तें नेसूं लागल्या व लांब बाह्यांची चोळी घालूं लागल्या. हें पत्रांतून कळतांच गोपाळरावांस तें रुचलें नाहीं. ज्या पतीनें जगाचा विरोध पत्करून बायकोस परदेशीं धाडलें, तोच आतां दूर बसून तिच्या नेसण्याविषयीं शंका काढूं लागला. आनंदीबाईंनीं उत्तरांत आपली बाजू नम्रपणें पण ठामपणें मांडली. घरच्या माणसानें हजारों कोसांवरून पाठविलेला एक कठोर शब्द परक्या खोलींत किती दिवस घुमत असेल, ह्याचा विचार पत्र लिहिणाऱ्या प्रत्येक आईबापानें करावा असें आम्हांस वाटतें.

तथापि ह्या शहरांत सारें दुःखच होतें असें नाहीं. बॉडलीबाई त्यांना लेकीप्रमाणें जपत. कॉलेजांत इतर देशांच्या मुलीहि होत्या. १० ऑक्टोबर १८८५ ह्या दिवशीं काढलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: आपल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी व सीरिया देशांतील सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखांत शेजारीं शेजारीं आहेत. तिघींची भाषा निराळी, धर्म निराळा. काम मात्र एकच, तें म्हणजे आजारी स्त्रियांची सेवा. परक्या नगरांत बिऱ्हाड करणाऱ्यास दुसऱ्या परक्याचा आधार कसा असतो, हें त्या चित्रांत दिसतें.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना डॉक्टरीची पदवी मिळाली. हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. ह्या समारंभास इंग्लंडाहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईंनीं १८८३ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला होता. आनंदीबाई हिंदूच राहिल्या होत्या. तरी त्या दिवशीं एकीच्या आनंदास दुसरी साक्षी होती, व मध्यें कोणतीहि भिंत उभी राहिली नाहीं. पुढें १८८७ सालीं रमाबाईंनीं उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीविषयीं जें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंनीं लिहिली व तींत आनंदीबाईंची हकीकत प्रेमानें सांगितली.

परंतु पदवी हातीं आली तेव्हां शरीर खचलें होतें. क्षयानें त्यांना गांठलें होतें. क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८२ सालींच शोधून काढला होता; पण त्यास मारणारें औषध त्यानंतर साठ वर्षें कोणाजवळ नव्हतें. धूर व थंडी ह्यांनींच क्षय झाला असें म्हणणें बरोबर होणार नाहीं, कारण हा रोग जंतूंनींच होतो व त्यांची प्रकृति मुळांतच नाजूक होती. परंतु अपुरें अन्न, अपुरी झोंप व वाईट हवा ह्यांनीं जंतूंशीं झगडण्याची शक्ति उणी होते हें आतां सर्वमान्य आहे. आज हा रोग पूर्ण बरा होतो. साधारणपणें सहा महिने, सरकारी दवाखान्यांत फुकट मिळणारीं औषधें एक दिवसहि न चुकवितां घ्यावीं लागतात. ज्यांच्या घरीं दोन आठवड्यांवर खोकला रेंगाळला असेल त्यांनीं लाजूं नये, प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन बेडका तपासून घ्यावा. ज्या औषधाअभावीं कल्याणची ही लेक गेली तें आज आपल्या दाराशीं आहे.

कोल्हापूर संस्थानानें आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली होती. नोव्हेंबर १८८६ मध्यें त्या मुंबईस उतरल्या. पूर्वीं निंदा करणाऱ्यांतले पुष्कळ आतां गौरव करण्यास पुढें आले. पण कोल्हापुरास जाऊन काम हातीं घेणें घडलें नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. बावीस वर्षें पुरीं होण्यास महिन्याहून थोडा अधिक काळ उरला होता.

त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यांत आली. न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी येथील स्मशानभूमींत, कार्पेंटर मंडळींच्या कुटुंबाच्या जागेंत, ती ठेविलेली आहे व तेथें दगडावर आनंदीबाईंचें नांव कोरलेलें आहे. ज्या घरानें त्यांना जिवंतपणीं आंत घेतलें त्यानेंच मरणानंतरहि आपल्या माणसांत जागा दिली.

असो. एका आयुष्यानें उघडलेली वाट बंद झाली नाहीं. त्याच कॉलेजांतून १८९२ सालीं गुरुबाई करमरकर ह्या ख्रिस्ती भगिनी डॉक्टर झाल्या, आणि मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या कामांत त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ रोग्यांची सेवा केली.

आतां आपल्याकडे पाहूं. शहापुरांतील तानसा व भातसा ह्या धरणांचें पाणी मुंबईस जातें, त्याप्रमाणें आपलीं मुलेंहि जातात. कोणी परिचारिकेच्या शिक्षणास, कोणी कॉलेजास, आणि आतां कोणी परदेशासहि. मूल निघतांना आपण फी भरली कीं नाहीं, दाखला मिळाला कीं नाहीं, एवढें विचारतों. त्याच्या खोलीस खिडकी आहे काय, रात्रीं तें काय जेवतें, आजारी पडल्यास दार ठोठवावें असें एक तरी घर त्या शहरांत आहे काय, हेंहि विचारलें पाहिजे. उपदेशक व पाळक बंधूंनीं त्या त्या शहरांतील मंडळीस आधीं पत्र घालावें, म्हणजे मूल गाडींतून उतरेल तेव्हां कोणीतरी उभें असेल. घरच्यांनीं दूरच्या मुलीस पत्र लिहितांना किंवा फोनवर बोलतांना दोष काढण्यापूर्वीं तिच्या पायांस थंडी तर वाजत नाहीं ना, हें आधीं पाहावें.

दुसरें असें कीं, आपल्या गांवींहि परकीं माणसें येतात. पाड्यावरच्या शाळेंत दूरच्या जिल्ह्यांतून शिक्षिका नेमून येते, उपकेंद्रांत परिचारिका येते. तिला खोली मिळत नाहीं, मिळाली तर जात विचारून मिळते. परक्यास घरांत घेणें हें प्रभूनें आपणांस नेमून दिलेलें काम आहे, आणि तें करतांना त्या माणसाचा धर्म तोलून पाहावा असें त्यानें कोठें सांगितलेलें नाहीं. कार्पेंटरबाईंनीं मोठें पुस्तक लिहिलें नाहीं, संस्था स्थापिली नाहीं. त्यांनीं एक पत्र लिहिलें, धक्क्यावर जाऊन उभ्या राहिल्या, आणि परक्या मुलीस आपल्या घरांत स्वतःच्या रीतीनें चूल मांडूं दिली. इतकें तर आपल्या मंडळींतील कोणत्याहि कुडाच्या घरांत होण्यासारखें आहे.